बुजऱ्या माशाचा पहिला घास

महाराष्ट्रात कर्जत दोन आहेत. रायगडातल्या कर्जतचा माणूस सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणाला अलिबागच्या किनाऱ्यावर असतो. आमचं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पर्जन्यछायेतलं. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सव्वादोनशे किलोमीटरांवर. तालुक्याच्या दक्षिणेला भीमा, तिच्या काठी सिद्धटेकचा गणपती आणि पुढे उजनीच्या फुगवट्याचं पाणी. इथल्या माणसाला मासा माहीत असतो तो उजनीतली चिलापी, कटला, रोहू आणि मरळ, नाहीतर आठवडे बाजारातले सुके बोंबील आणि सुकट. चिलापी तर काहीही खाते. शेवाळ खाते, किडे खाते, पिठाची गोळी खाते. माशाला खायला लावावं लागतं, हेच इथे कोणाला पटत नाही.

खाऱ्या पाण्याचा टँक घरात ठेवला की ते पटतं. असा टँक कर्जतमध्ये चालवणं अवघड आहे, पण अशक्य नाही. पाण्याची सोय तर दुष्काळानेच करून ठेवली आहे. इथलं बोअरचं पाणी जड, त्यात उसाच्या शेतातून झिरपलेलं नायट्रेट. म्हणून गावोगाव आरओचे प्लांट आले आणि घरोघरी जार आले. टीडीएस मीटर हे यंत्र आता किराणा दुकानदारालाही वाचता येतं. जारच्या पाण्यातले उरलेसुरले क्षार काढायला त्यावर रेझिनचं एक नळकांडं लावायचं, आणि मग लिटरमागे पस्तीस-छत्तीस ग्रॅम या हिशेबाने टँकसाठी मिळणारं समुद्री मिठाचं मिश्रण त्यात विरघळवायचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, कारण समुद्रात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर बरंच काही असतं. एवढं केलं की दोनशे लिटरचा समुद्र तयार होतो. त्यात जिवंत, म्हणजे जीवजंतू वसलेले दगड, वाळू आणि जिवाणू रुळायला चार ते सहा आठवडे लागतात. हे सगळं वाचून, विचारून, पैसे मोजून करता येतं.

मग मासा येतो आणि दगडाच्या कपारीत जाऊन बसतो. तो बाहेर येत नाही आणि खात नाही. इथून पुढे पैशाचा उपयोग नाही.

आमच्याकडे असा आला तो फायरफिश. पुढून पांढरट-पिवळा, मागे लालभडक होत गेलेला, पाठीवर काठीसारखा उभा पर असलेला, बोटाएवढा मासा. हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या प्रवाळांच्या उतारावर तो राहतो. स्वतःच्या बिळाच्या थोडं वर, प्रवाहाकडे तोंड करून तो तरंगत राहतो आणि वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतो. सावली हलली की क्षणात बिळात. त्याचं सगळं आयुष्य त्या बिळाच्या तोंडापासून हातभर अंतरात जातं. अशा माशाला बीळ नसलेल्या जागी सोडून वरून रंगीत गोळ्या टाकल्या, तर त्याने काय करावं?

तो कुठून कसा आला हे आधी पाहायला हवं. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक तळ्यांत पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातले बहुतेक अजूनही समुद्रातून धरून आणलेले असतात. इंडोनेशिया, फिलिपिन्स, श्रीलंका इथल्या कोळ्यांनी धरलेला मासा आधी तिथल्या व्यापाऱ्याच्या टाकीत जातो, तिथून विमानाने आपल्याकडच्या मोठ्या शहरात, मग पुण्या-मुंबईच्या दुकानात आणि शेवटी एसटीने किंवा खासगी गाडीने थर्माकोलच्या खोक्यातून कर्जतला. पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून पाठवण्याआधी त्याला मुद्दाम एक-दोन दिवस उपाशी ठेवतात. हे प्रत्येक टप्प्यावर होतं. आपल्या हाती येतो तेव्हा त्याच्या पोटात कित्येक दिवस काही गेलेलं नसतं, आणि अंगात ताणाचं कॉर्टिसॉल भरलेलं असतं. कॉर्टिसॉल चढलं की भूक मरते. माशांत हे खूपदा तपासून झालं आहे.

त्यात एक काळी बाजूही आहे. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून प्रवाळातले मासे सायनाइडचं पाणी फवारून गुंगवून धरले जाऊ लागले आणि ती पद्धत पुढे इतर देशांत पसरली. कायद्याने बंदी असूनही ती पुरती थांबलेली नाही. असा मासा दुकानात झकास दिसतो. आतून त्याची आतडी आणि यकृत खराब झालेलं असतं. तो खात नाही, किंवा खातो आणि तरीही झुरून मरतो. अशा माशापुढे पाळणाऱ्याची कुठलीही युक्ती चालत नाही. आपलं काय चुकलं म्हणून रडणाऱ्या पोरांना हे सांगायला हवं.

आता भीतीबद्दल. कर्जतच्या माणसाला ती समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य गावाजवळच आहे, १९८०चं, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. तिथल्या माद्या चरताना पाहा. चार घास घेतले की मान वर. पुन्हा चार घास, पुन्हा मान वर. कळप मोठा असला की एकेकीची मान कमी वेळा वर जाते. झुडपाजवळ ती जास्त वेळा जाते, कारण झुडपामागे लांडगा असू शकतो. चरायला मिळणारा वेळ भीतीच्या हिशेबातून उरलेला असतो. माशाचंही हेच गणित आहे. मानफ्रेड मिलिन्स्की आणि रोल्फ हेलर या दोन शास्त्रज्ञांनी १९७८ साली ते प्रयोगाने दाखवलं. भुकेल्या स्टिकलबॅक माशांपुढे पाण्यातल्या सूक्ष्म डॅफ्नियांचा थवा ठेवला, तर ते एरवी जिथे गर्दी दाट तिथे तुटून पडतात. पण टाकीवरून खंड्याची प्रतिकृती सरकवली की तेच मासे विरळ कडेला जातात. दाट गर्दीत टिपायला लक्ष एकवटावं लागतं, आणि एकवटलेलं लक्ष शत्रूवर राहत नाही. भीती माशाची भूक नाहीशी करत नाही. तो कुठे, किती आणि किती वेळ खाईल, हे ती ठरवते.

हे कळलं की पाळणाऱ्याच्या कामाचा क्रम बदलतो. आधी बीळ, मग शांतता, मग घास.

बीळ म्हणजे फार काही नाही. दगडांमध्ये त्याच्या अंगाएवढी, आरपार नसलेली एक कपार, आणि तिच्यासमोर संथ प्रवाह. माशांना अशा जागा जितक्या जास्त, तितके ते जास्त वेळ उघड्यावर राहतात. हे ऐकायला उलटं वाटतं, पण लपायची खात्री असलेलाच मासा बाहेर येण्याचं धाडस करतो. टँकवर जाळीचं झाकण हवंच. फायरफिश घाबरला की उडी मारतो, आणि सकाळी फरशीवर सापडतो.

शांतता अवघड, कारण आपली घरं शांत नसतात. टँक दारासमोर ठेवला तर प्रत्येक येणारा-जाणारा माशाच्या दृष्टीने शिकारी असतो. माशाच्या मेंदूच्या मागच्या भागात माउथनर पेशी नावाची एक जोडी असते. अचानक कंप जाणवला की काही सहस्रांश सेकंदांत ती अंगाला वळण देऊन मासा पळवते. विचाराला तिथे जागाच नाही. काचेवर मारलेली टिचकी, दाणकन लावलेलं दार, खाली जोरात सरकवलेली खुर्ची, सगळं पाण्यातून थेट त्याच्या अंगात जातं. टँकखाली फोमचा किंवा थर्माकोलचा पत्रा असावा, मागची बाजू काळ्या कागदाने झाकावी, आणि पहिल्या आठवड्यात दिवा मंद ठेवावा. दिवाळीच्या रात्री बाहेर फटाके वाजत असतात. त्या रात्री नव्या माशाला खायला घालू नये. दुपारी, गल्ली झोपलेली असताना घालावं.

आता घास. समुद्रातल्या माशाला आयुष्यभर जे मिळालं ते हलणारं होतं. गोळी हलत नाही, तिला ओळखीचा वास नाही, ती बुडते किंवा तरंगते. काय खायचं हे त्याला ठाऊक असतं, आणि गोळी त्यात बसत नाही. म्हणून सुरुवात जिवंत खाद्यापासून. सगळ्यांत सोपं म्हणजे आर्टेमिया. खारट तळ्यांत आणि मिठागरांत राहणारा हा कोळंबीच्या नात्यातला इवलासा जीव. त्याची सुकी अंडी डब्यात वर्षानुवर्षं टिकतात. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली उलटी करून तळाशी एअरपंपची नळी सोडायची, लिटरमागे पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, सतत उजेड आणि अठ्ठावीस अंशांच्या आसपास तापमान. चोवीस तासांत नारिंगी धुरासारखी पिल्लं तरंगू लागतात. ती उजेडाकडे धावतात. म्हणून बाटलीच्या एका कडेला टॉर्च धरला की जमा होतात, आणि रिकामी टरफलं वर राहतात. कर्जतच्या उन्हाळ्यात हीटर लागत नाही. ही एकच गोष्ट इथल्या हवामानाने आम्हाला फुकट दिली आहे.

यात लोक एक गोष्ट विसरतात. ताज्या पिल्लांच्या अंगात अंड्यातला बलक असतो, आणि तो तासागणिक संपत जातो. जन्मल्यावर पहिले काही तास त्यांना तोंडच उघडता येत नाही, त्यामुळे त्यांना काही खाऊ घालून कसदार करणंही शक्य नसतं. दुसऱ्या अवस्थेत तोंड उघडलं की शेवाळाची भुकटी किंवा माशाच्या तेलाचं मिश्रण त्यांना द्यावं आणि मग ती माशाला द्यावीत. समुद्री माशांना लागणारं डीएचए हे मेदाम्ल आर्टेमियात जवळजवळ नसतंच. नुसत्या आर्टेमियावर ठेवलेला मासा खाताना दिसतो, पोट भरलेलं दिसतं, आणि तरी महिन्या-दोन महिन्यांत खंगतो. आर्टेमिया ही दाराची कडी आहे, घरातलं रोजचं जेवण नव्हे.

ती द्यायची कशी, यात खरं कसब आहे. फिल्टरचा प्रवाह दहा मिनिटं बंद. औषधाच्या सिरिंजला एअरपंपची कडक नळी जोडायची, आणि बिळापासून वीतभर दूर, त्याच्या तोंडाच्या किंचित वर, चार-पाच थेंब हळूच सोडायचे. थेट बिळात पिचकारी मारली तर मासा आणखी आत जातो. मग हात काढून खोलीतून उठून जायचं. माणूस समोर बसून राहतो आणि मासा खात नाही म्हणून चिंता करतो. बहुतेक वेळा मासा आपण गेल्यावर खातो. दारापलीकडून किंवा फोनचा कॅमेरा लावून ठेवून ते पाहता येतं. दिवसातून एकदा पुष्कळ घालण्यापेक्षा चार-पाच वेळा चिमूटभर. प्रवाळावर दिवसभर थोडं थोडं टिपणाऱ्या माशाचं पोट तसंच घडलेलं असतं.

टँकमध्ये आधीच डॅमसेल मासे असले तर निम्मं काम बिघडलेलं असतं. ते स्वस्त, काटक आणि भांडखोर. नवा मासा पुढे आला की त्याला पिटाळतात आणि त्याचा घासही खातात. त्यांना आधी टँकच्या दुसऱ्या टोकाला गोळ्या टाकून गुंतवावं आणि मगच सिरिंज काढावी. तरीही पिटाळत असतील तर नव्या माशाला भोकांच्या पारदर्शक डब्यात टँकमध्येच टांगून ठेवावं. तिथे तो सगळ्यांना दिसतो, सगळे त्याला दिसतात, पण कोणी चावू शकत नाही, आणि त्याचा घास त्याच्याच समोर राहतो. मासा त्या डब्यात नीट खाऊ लागला की बाहेर सोडताना दगडांची मांडणी थोडी बदलावी. म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सगळेच नव्याने जागा शोधू लागतात. माझ्या मते या डब्याइतकं उपयोगी साधन या छंदात दुसरं नाही, आणि दुकानदार ते शेवटी दाखवतात. लसणाच्या रसात बुडवलेल्या खाद्याचा मात्र फार गवगवा आहे. त्याने एखादा मासा चाखून पाहत असेलही, पण भीती घालवण्याचं काम लसूण करत नाही.

माशाने आर्टेमिया धरली की त्यात वितळवलेली गोठवलेली मायसिस कोळंबी थोडी मिसळायची. रोज थोडी जास्त. मग मायसिसच्या पाण्यात भिजवलेली बारीक गोळी. हे अंतर काही मासे आठवड्यात कापतात, काही महिन्यांत, काही कधीच नाही. आपल्या बाजारात मिळणारा सुका जवळा मी बुजऱ्या माशाला देणार नाही. तो कडक असतो, वाळू आणि जास्तीचं मीठ घेऊन येतो. मुंबई-पालघरचा ताजा जवळा धुऊन गोठवून ठेवता आला तर तो मोठ्या माशांना उत्तम.

या सगळ्यात एक खड्डा आहे. मासा खात नाही म्हणून आपण जास्त घालतो, आणि न खाल्लेलं कुजून अमोनिया होतो. खाऱ्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३. या सामूला अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि पाणी तापलं की तो आणखी वाढतो. कर्जतला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पंचवीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात पावणेसात, आणि तीस अंशांना सहाच्या थोडा वर. धापा टाकणारा मासा खात नाही. म्हणजे न खाण्याचं कारण भीती आहे की गुदमरणं, हे आधी तपासायला हवं. इथल्या कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा लावला तरी दोन-तीन अंश उतरतात. त्या वाऱ्याने पाणी उडतं, ते रोज गोड्या पाण्याने भरावं लागतं, मिठाच्या नाही, कारण मीठ उडत नाही. भारनियमनासाठी बॅटरीवरचा एअरपंप हाताशी असावा. आणि उरलेला घास पंधरा-वीस मिनिटांत नळीने ओढून काढावा, मग मासा उपाशी राहिला तरी चालेल. एका दिवसाच्या उपासाने मासा मरत नाही. एका रात्रीच्या अमोनियाने सगळा टँक मरतो.

काही मासे मात्र घरात आणूच नयेत, निदान सुरुवातीला. कॉपरबँड बटरफ्लाय हा लांब चोचीचा देखणा मासा कपारींतून बारीक कृमी उपसून खातो. त्याला गोळी दिसतच नाही. उघडलेली तिसरी, शिंपलीसकट, दगडांत खोचून ठेवली तर तो ती टोचू लागतो. कोकणातल्या माणसाला हे सोपं, कर्जतला ताजी तिसरी आणायची कुठून? मँडरिन हा त्याहून अवघड. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड हे सूक्ष्म जीव वेचतो आणि जुन्या, मोठ्या, जिवंत दगडांनी भरलेल्या टँकशिवाय तगत नाही. समुद्रघोड्याला जठरच नसतं, म्हणून त्याला दिवसातून अनेक वेळा खावं लागतं. तो तर घरात ठेवणं बेकायदा आहे. समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातले सगळे मासे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, प्रवाळही आले. कोणी विकायला दाखवला तर घेऊ नये.

महाराष्ट्रात लोकांना समुद्री मासे काचेपलीकडे दाखवण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालं. नूतनीकरणानंतर ते २०१५ साली पुन्हा उघडलं, पण कोरोनाकाळापासून बंद पडलं. रत्नागिरीला झाडगावात कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८पासून आहे. तिथलं मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा शाळांच्या सहली पाहतात. सहलीतल्या मुलांनी काचेतून मासा पाहावा तेव्हा शिक्षकांनी एक प्रश्न विचारायला लावावा: हा काय खातो, आणि ते कोण देतं? मत्स्यालयातल्या कर्मचाऱ्यांचं खरं कौशल्य तिथेच असतं.

आणि जिथे जमेल तिथे मुलांना मालवणला न्यावं. १९८७ साली घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्याच्या परिसरात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, पाण्यात तोंड घालून प्रवाळातले मासे पाहता येतात. दगडाआडून बाहेर, टिपलं, परत आत. लाट आली की आत, लाट ओसरली की बाहेर. तिथे ते पाहिलेल्या माणसाला घरातल्या टँकमध्ये काय उणं आहे, हे सांगावं लागत नाही. तिथला मासा धरायचा मात्र नाही.

पुढचा रस्ता मला बीजोत्पादनात दिसतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिश आणि डॅमसेलची पैदास जमवली आहे. आपल्याकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने सागरी शोभिवंत माशांचं बीजोत्पादन सुरू केलं आहे. अशा ठिकाणी क्लाऊनचं पिल्लू आधी रोटिफर हे सूक्ष्म जीव खातं, मग आर्टेमिया, मग गोळी. माणसाची सावली म्हणजे जेवण, हे त्याला लहानपणीच कळतं. त्याला विमानात उपाशी ठेवलेलं नसतं, सायनाइड दाखवलेलं नसतं. बंगाई कार्डिनल हा मूळचा इंडोनेशियातल्या एका छोट्या बेटसमूहाचा मासा. छंदासाठीच्या पकडीने तो इतका घटला की २००७ साली धोक्यातल्या प्रजातींत गेला. त्याचीही पैदास टाक्यांत होते. पैदास केलेला मासा थोडा महाग पडतो. तो महाग घ्यावा.

टँक घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला म्हणून एकच विनंती. दुकानात गेल्यावर रंग पाहू नका, पोट पाहा. डोक्यामागे पाठ खचलेली आणि पोट आत गेलेलं असेल तर तो मासा कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. मग विचारा, "भाऊ, हा काय खातो? माझ्यासमोर घाला बघू." दुकानदाराने खुशीने घातलं आणि माशाने खाल्लं, तर पैसे द्या. मासा आजच आला असेल तर आगाऊ रक्कम द्या, त्याला आठवडाभर तिथेच राहू द्या आणि खाणं धरल्यावर न्या. गिऱ्हाईक हे विचारू लागलं की दुकानदार व्यापाऱ्याला विचारेल, आणि व्यापारी कोळ्याला.